द्वितीयेची ओहोटी

नमस्कार श्रोतेहो.

पहिल्यांदा दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला गेले तेव्हा गळ्यात नवी कोरी दुर्बीण होती आणि समोर नुसतं पाणी. पार सुरूच्या बनाला टेकलेलं. बसायला वाळूच नाही, मग पक्षी कुठले असणार? खाडीकाठी एक तात्या जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी विचारलं, "ताई, आज तिथी कोणती?"

मला तारीख ठाऊक होती. तिथी कोण बघतं!

"पौर्णिमा आज. दुपारच्या बाराला येऊन काय बघणार तुम्ही?" आणि मग त्यांनी कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण पक्षी बघण्यापुरतं पुष्कळ झालं.

म्हणून पुढच्या खेपेला मी कार्तिक वद्य द्वितीया धरली. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, शरद सरत आलेला, पहाटे अंगावर शाल हवीशी वाटणारी हवा. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. उजाडता उजाडता जोग नदीच्या पुलावरून निघाले. कांदळाच्या मुळांत गढूळ पाणी चुळबुळत होतं. एक तुतवार शेपटी खालीवर हलवत कडेकडेनं चालला होता. खंड्या ओरडत गेला. खाडीत मी फार रेंगाळले नाही, कारण ओहोटी कुणासाठी थांबत नाही.

मुखाशी पोहोचले तेव्हा समुद्र लांब गेला होता. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली, आणि दूर पाण्याच्या रेषेवर ठिपकेच ठिपके. मी त्यांच्याकडे चालत गेले नाही. चप्पल काढून ठेवली, थोडी मागे सरून वाळूत बसले. पाणी वर सरकलं की पक्षी आपोआप आपल्याकडे येतात, एवढंच खरं तर मला आज तुम्हाला सांगायचंय.

तासाभरात चिखले पक्षी दहा पावलांवर आले. चिमणीपेक्षा थोडे मोठे, वाळूच्याच रंगाचे. त्यातला एक तुरुतुरु धावला आणि एकदम थांबला. मग एक पाय वाळूवर थरथर थरथर हलवू लागला, शिवणयंत्राच्या सुईसारखा. त्या हादऱ्यानं खालचा किडा हलतो. याची मान खाली गेली, चोचीत लांबलचक अळी! तिकडे कोरल पक्षी आपली वाकडी, वीतभर चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसत होता. आखूड चोचीचा वरचं खातो, लांब चोचीचा खालचं. एकाच वाळूत दोघांचं भागतं.

पुस्तकातली चित्रं मात्र या दिवसांत फसवतात. कुरव पक्ष्यांचं, म्हणजे सीगलचं, चॉकलेटी डोकं आत्ता पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा डाग. चिखलेही सगळे मळकट. विणीचा रंग उन्हाळ्याच्या तोंडाशी चढतो. ओळख पटली नाही तर मी वहीत नुसतं 'चिखल्या' लिहिते. लाज कसली?

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या दिवशी एक गाडी थेट वाळूवर आली आणि थवा उठला. फोटो छान आले असतील. पण यातले काही पक्षी तिबेटच्या पठारावरून, काही थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून आलेले असतात. त्यांना इथे खाऊन अंगावर चरबी चढवायची असते. दरवेळी उडवलं की ती खर्च होते. कुरवांना शेव-गाठ्या टाकणाऱ्यांनाही तेच सांगायचंय: त्यांचं पोट मासळीवर चालतं हो!

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. या आठवड्यात किनाऱ्यावर जाणार असाल तर आधी कालनिर्णय उघडा.

दहा वाजता उठले. समाधानानं चप्पल घ्यायला गेले, तर चप्पल नाही. चिखल्यांसाठी तिथीचा हिशेब केला होता, चपलेसाठी करायचा राहिला. एक लाटेवर डुलत होती, दुसरी तात्यांनी संध्याकाळी आणून दिली.