पूरग्रस्त घरांची सरकारी खरेदी : वाटून घेतलेली आणि न घेतलेली जबाबदारी

श्रोतेहो, अमेरिकेत वारंवार पाण्याखाली जाणारी घरे सरकार मालकांकडून विकत घेते, पाडून टाकते आणि ती जागा कायमची मोकळी ठेवते. या व्यवस्थेत पैशाची वाटणी नियमांनी बऱ्यापैकी स्पष्ट केली आहे. पूर ओसरल्यापासून खरेदीखत होईपर्यंतच्या प्रतीक्षेचा भार कोणी उचलायचा, हे मात्र कोणीच ठरवलेले नाही. माझा मुद्दा तेवढाच आहे.

१९९३ साली मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांना महापूर आला, त्यानंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अशा कामांतील केंद्राचा वाटा ५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांपर्यंत नेला. उरलेला वाटा राज्य, काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक प्रशासनाचा घटक) किंवा नगरपालिका यांनी उभा करायचा असतो. काही ठिकाणी तो मालकाच्या पदरात पडणाऱ्या रकमेतूनच वळता होतो. मालकाला ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे स्वतः अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने स्थानिक शासनाने राज्याकडे आणि राज्याने केंद्राकडे जायचे, असा हा मार्ग आहे. म्हणजेच नगरपालिकेला इच्छा नसेल, किंवा अर्ज तयार करणारी माणसे तिच्याकडे नसतील, तर मालकाची संमती असूनही काहीच घडत नाही.

मालकाच्याही जबाबदाऱ्या आहेत आणि त्या न्याय्य आहेत असे मला वाटते. विक्री ऐच्छिक असते, किंमत बहुधा पुरापूर्वीच्या बाजारभावाने ठरते, पण त्याच नुकसानीपोटी मिळालेली विम्याची वा दुरुस्तीची सरकारी मदत त्यातून वजा होते. ती रक्कम खरोखर दुरुस्तीवर खर्च केल्याच्या पावत्या दाखवल्या तर वजावट टळते. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा देऊ नयेत हे तत्त्व योग्यच आहे. फक्त ते मालकाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी समजावून सांगायला हवे, कारण चिखल उपसत असलेला माणूस पावत्या जपून ठेवण्याचा विचार करत नाही.

व्यवहार झाल्यावर ९० दिवसांत बांधकाम हटवावे लागते. तेथून पुढे ती जमीन स्थानिक शासनाची होते: मालमत्ता कर बुडतो, गवत कापणे आणि देखरेख करणे कायमचे मागे लागते, आणि जागा मोकळीच आहे, असा अहवाल दर तीन वर्षांनी द्यावा लागतो. आळीतील काही घरे विकली गेली आणि काही राहिली, तर उरलेल्या मोजक्या घरांसाठी रस्ते आणि जलवाहिन्या चालू ठेवण्याचा खर्चही स्थानिक शासनाच्याच माथी येतो. छोट्या गावांची चालढकल मला यामुळे समजू शकते.

आता प्रतीक्षेकडे येतो. ‘नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल’ या पर्यावरणवादी संस्थेने २०१९ साली मांडलेल्या अभ्यासानुसार पुरापासून व्यवहार पूर्ण होईपर्यंतचा मध्यक काळ पाच वर्षांहून अधिक होता, म्हणजे निम्म्याहून अधिक व्यवहारांना पाच वर्षांपेक्षा जास्त वेळ लागला. या काळात मालक गहाणकर्जाचे हप्ते भरतो, कर भरतो, विमा भरतो, आणि जे घर पाडलेच जाणार आहे ते दुरुस्त करायचे की नाही या पेचात राहतो. दुरुस्त न करावे तर राहायचे कुठे, करावे तर पैसा वाया. ज्याच्याजवळ साठवण आहे तो थांबू शकतो. ज्याच्याजवळ नाही तो मिळेल त्या भावाने घर विकून निघून जातो, आणि नवा खरेदीदार त्याच पूरक्षेत्रात राहायला येतो. सार्वजनिक हेतूच तेथे विफल होतो. ऐच्छिक व्यवहार म्हणताना थांबण्याची ऐपत गृहीत धरणे मला अन्यायाचे वाटते.

यावर उपाय नाही असे नाही. नॉर्थ कॅरोलिनातील मेक्लेनबर्ग काउंटी पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी नागरिकांकडून जे शुल्क घेते त्यातून घरे विकत घेते, म्हणून पुरानंतर तिला केंद्राच्या मंजुरीकडे डोळे लावून बसावे लागत नाही. प्रत्येक काउंटीची अशी ऐपत नसते; म्हणून राज्यांनी पूर येण्याआधीच निधी आणि अर्जांचे काम जाणणारे कर्मचारी तयार ठेवावेत, आणि मंजुरी लांबल्यास मालकाच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा खर्च शासनाने उचलावा, अशी माझी मागणी आहे.

भाडेकरूंचा प्रश्न वेगळा आहे. विक्रीचा निर्णय मालक घेतो, घर मात्र त्यांनाही सोडावे लागते. १९७० च्या पुनर्वसनविषयक केंद्रीय कायद्याखाली त्यांना स्थलांतराचे साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि तो त्यांना लेखी कळवण्याचे काम खरेदी करणाऱ्या स्थानिक शासनाचेच आहे.