एका बोटाचा फरक

(दृश्य: शेड, सकाळचं ऊन. चाकावरच्या कमानीखाली एक हात.)

हा हात बघा. काकांनी बोटं आडवी धरून टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत सरकवलीयत. चार बोटं आरामात मावली. आणि हा दुसरा शॉट, जुन्या अल्बममधला काळा-पांढरा फोटो, हीच गाडी, हेच चाक. काकांनी फोटोवर स्टीलची पट्टी ठेवलीय, रिम चौदा इंची आहे हे माहितीय, त्यावरून हिशोब मांडला तर तेव्हा त्या फटीत तीनच बोटं मावली असती. म्हणजे एक बोट वाढलं. गाडी तीच, स्प्रिंग त्याच, मग हे बोट आलं कुठून?

टायरमधून आलं. ही फिल्म त्या एका बोटाची आहे.

(दृश्य: गाडीभोवती सावकाश फेरी.)

सातारच्या एका शेडमध्ये उभी असलेली ही १९६६ची एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची, लाल. इंग्लंडमध्ये ॲबिंगडनला १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनत होती, कूपे वगैरे धरून पाच लाखांच्या वर निघाल्या, त्यातली ही एक. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर. आणि ही तारांची चाकं, एका चाकाला साठ स्पोक, मधोमध तो कानवाला नट. कॅमेरा इथं जरा थांबवलाय मुद्दाम. ह्या चाकाकडं बघितल्यावर टायरचा विषय का एवढा मनाला लावून घेतला ते कळतं.

आत्ता गाडीवर जे टायर दिसतायत ते १८५/६० आर १४, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची. मागच्या कुणीतरी हौसेनं बसवलेले, रुंद, बसके, मॉडर्न. त्या काळात बऱ्याच जणांनी हेच केलं, रुंद टायर म्हणजे स्पोर्ट्स असं वाटायचं. मिस्त्रीमामा पहिल्या दिवशीच म्हणाले, "काका, धोतरावर स्पोर्ट शूज घातल्यागत दिसतंय ह्ये." काका काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फोटोचा अल्बम घेऊन आले.

(दृश्य: ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसली जाते. खडू फिरवल्यावर आकडे उठून दिसतात.)

हा शॉट आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टायरच्या कडेला इंग्रजीत डॉट (DOT) अशी तीन अक्षरं लिहिलेली असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३११. म्हणजे २०११ सालातला तेविसावा आठवडा. आणि डिकीतल्या स्टेपनीवर बघा, तीनच आकडे. तीन आकडे म्हणजे टायर २००० सालाच्या आधीचा, कारण चार आकडी पद्धत २००० पासून आली. नक्षी दोन्हींची छान शिल्लक आहे, नखं आत जातायत एवढी खोल. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीची नक्षी झिजत नाहीच ना, पण रबर म्हातारं होतं, कडक होतं, आणि ह्या बारीक चिरा पडतात. टायर कंपन्याच सांगतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर कितीही नवा दिसला तरी काढून टाका.

ह्याच सेटमधला एक टायर हायवेवर फुटला होता, काका वाचले.

(दृश्य: कापलेल्या टायरचे दोन तुकडे टेबलावर.)

आता हे दोन तुकडे जवळून. डावीकडचा जुन्या पद्धतीचा, क्रॉसप्लाय. ह्याच्या आतले दोरे बघा, बाजेची सुतळी विणतात तसे, एक थर ह्या तिरक्यात, त्यावरचा थर उलट्या तिरक्यात. उजवीकडचा रेडिअल. ह्याचे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि नक्षीच्या खाली त्यांच्यावर स्टीलच्या तारांचा पट्टा गुंडाळलेला असतो, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात अगदी तसा. त्यामुळं बाजू मऊ राहते आणि जमिनीला टेकणारा भाग पसरट, घट्ट. वळणावर बाजू वाकते पण तळवा उचलला जात नाही. क्रॉसप्लायमध्ये बाजू आणि तळवा एकच विणकाम, एक वाकलं की दुसरं सोबत जातं, आणि रस्त्यावरची प्रत्येक चाकोरी स्टिअरिंगमध्ये कळते.

रेडिअलचं हे डोकं मिशेलिन ह्या फ्रेंच कंपनीचं, पेटंट १९४६चं, आणि १९४९ला तो टायर बाजारात आला. पुढं इटलीच्या पिरेलीचा चिंटुराटो हा रेडिअल आला. एमजीबी सुरुवातीला ५.६०-१४ (इथं रुंदी इंचात) क्रॉसप्लायवर यायची, मग रेडिअल घेता यायला लागले, १५५ आणि १६५. हे आम्ही परत परत सांगतो कारण लोकांना वाटतं की जुनी गाडी म्हणजे रेडिअल नकोच, रेडिअल म्हणजे नवीन काहीतरी. तसं नाही. ह्या गाडीच्या जन्माच्या वेळी रेडिअल होता, फक्त तो उंच होता, अरुंद होता आणि त्याचे खांदे गोल होते.

(दृश्य: फळ्यावर खडूनं दोन वर्तुळं.)

हे गणित काकांनी स्वतः फळ्यावर मांडलं. जुन्या टायरवर नुसतं १६५ आर १४ लिहिलेलं असायचं, उंचीचा आकडा नसायचाच, कारण तेव्हा सगळ्यांची बाजू टायरच्या रुंदीच्या ८२ टक्क्यांच्या आसपास उंच असायची. म्हणजे पूर्ण टायरचा व्यास ६२६ मिलिमीटर. आत्ता लावलेला १८५/६० भरतो ५७८. फरक ४८ मिलिमीटर, त्याचा निम्मा कमानीखाली दिसतो, २४. हेच ते एक बोट. आणि टायर छोटा म्हणजे फेरे जास्त, त्यामुळं काटा ६० दाखवायचा तेव्हा गाडी ५५ च्या आसपास असायची.

मग हा जुन्या मापाचा टायर आणायचा कुठून? पिरेली आजही चिंटुराटो जुन्या नक्षीत ह्या साइजमध्ये बनवते. व्ह्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक आहे, ती डच कंपनी २००९ पासून आपल्या अपोलोकडं आहे हे काकांना कळल्यावर चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण २०२० च्या जूनमध्ये सरकारनं कारच्या नवीन टायरची आयात रिस्ट्रिक्टेड केली, लायसन लागतं, वर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानकांचा शिक्का लागतो, आणि एका गाडीच्या पाच टायरसाठी हे सगळं करायला कुणी तयार होईना. त्यात सात महिने गेले.

(दृश्य: टायरचं दुकान. टायरच्या थप्प्या, मापाचा टेप.)

आणि मग हे दुकान. टायरवाल्या दादांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं, काही न बोलता आत गेले आणि हा टायर लोळवत बाहेर आले. १६५/८० आर १४. कशाचा? स्विफ्ट-डिझायरच्या बेस मॉडेलचा. स्टँडवर टॅक्सीला असतो तोच. टेप लावला, हिशोबानं व्यास ६२० येतो. मूळ टायरपेक्षा फक्त सहा मिलिमीटर कमी! साठ वर्षांपूर्वीच्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचं माप आपल्या टॅक्सीच्या टायरमध्ये सापडलं. बाजूवर ८५टी लिहिलंय, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो आणि टी म्हणजे ताशी १९०. गाडी टनाच्या आसपास, टॉप स्पीड १६० च्या थोडं वर, म्हणजे पुरून उरतंय.

इथून पुढं खरी निवड. ह्याच मापात चार कंपन्यांचे टायर समोर उभे केले. हा नको, ह्याची नक्षी बाणासारखी, एकदम आजची. हा नको, खांदा चौकोनी. ह्या तिसऱ्याला बघा, लांबीत चार सरळ खाचा, कडेला बारीक चिरे, खांदा उतरता. दहा फुटांवरून फोटोतला टायर आणि हा, ह्यांतला फरक ओळखू येत नाही. आमचं स्पष्ट मत आहे, रूप उंची आणि रुंदीत असतं, नक्षी नंतर. चिंटुराटोची नागमोडी नक्षी मिळाली असती तर आनंदच होता, पण चुकीच्या मापाचा देखणा टायर घेण्यापेक्षा बरोबर मापाचा साधा टायर शंभर पटीनं चांगला. शिवाय तारीख तीन महिन्यांपूर्वीची. आधी एका दुकानात 'एकदम फ्रेश माल' म्हणून जे दाखवलं होतं त्यावर चार वर्षांपूर्वीचा आठवडा होता, म्हणून तारीख स्वतः वाचायची, दुकानदाराच्या तोंडून ऐकायची नाही.

(दृश्य: मामांचा हात टायरच्या आतून फिरतो. खूप जवळून.)

तारांच्या चाकात ट्यूब लागतेच, स्पोकची टोकं रिमच्या आत निघतात, हवा टिकणार नाही. पण हा टायर ट्यूबलेस, त्याच्या आतल्या अंगाला कधी कधी बारीक उंच रेघा असतात, त्या चालताना ट्यूबला घासतात. म्हणून मामा डोळे मिटून बोटं फिरवतायत. जिथं रेघ लागली तो टायर परत. आतलं स्टिकरही खरवडून काढलं, तेसुद्धा ट्यूब खातं. मग स्पोकच्या टोकांवर रबरी पट्टी, रेडिअलसाठीचीच ट्यूब, आणि ही टाल्कम पावडर, पांढरा ढग उडतोय तो. त्याआधी चाकांचा आऊट काढला, सायकलच्या चाकासारखाच, एकेक तार आवळत, एका चाकाला अर्धा दिवस.

तांब्याच्या हातोडीचा हा आवाज आम्ही तसाच ठेवलाय. लोखंडी हातोडी मारली तर नटाचे कान खराब होतात. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, त्यामुळं मामा प्रत्येक ठोक्याआधी नटावरचा बाण बघतात.

हवेवरून थोडं वाजलं. दुकानातला पोरगा सवयीनं ३२ भरायला निघाला, काकांनी हँडबुक उघडून दाखवलं, पुढं २१, मागं २४. शेवटी टायरवाल्या दादांचं ऐकून पुढं २६, मागं २८ ठरलं.

(दृश्य: यवतेश्वर घाट, धुकं. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा.)

घाटात गाडी सरळ चालते, उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवायला हलकं झालंय, काटा जवळपास खरं बोलतो.

हा शॉट कासच्या रस्त्यावरचा. काका उतरलेत. दरवाजा लावला, आणि आधी कमानीखाली हात. तीन बोटं. मग चारही टायरना हाताची मागची बाजू लावून बघतायत, तापलेत का, चारही सारखे तापलेत का.

(इथून शेवटपर्यंत निवेदन नाही. वारा आणि थंड होणाऱ्या इंजिनाची टिकटिक.)