पापेल पिकादो, झेंडू आणि चौदा दिवसांचं उपोषण

(दृश्य : विद्यापीठाच्या आवारात पायऱ्यापायऱ्यांची मांडणी. विद्यार्थी फोटो लावताहेत.)

नोव्हेंबर उजाडला की कॅलिफोर्नियातल्या कितीतरी विद्यापीठांत अशी ओफ्रेंदा मांडली जाते. मेक्सिकोतल्या ‘मृतांच्या दिवसा’ची ही मांडणी, गेलेल्या माणसांसाठी. वर पापेल पिकादो, म्हणजे पातळ कागदात नक्षी कोरलेल्या रंगीत पताका. खाली मेणबत्त्या, मीठ, हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोड पाव. लांबून येणाऱ्या आत्म्याला तहान लागली असेल, म्हणून पाण्याचा पेला. आजोबांच्या फोटोशेजारी त्यांच्या आवडीची एखादी बाटलीसुद्धा! आपण पितृपक्षात गेलेल्याच्या आवडीचं आठवणीनं पानात वाढतो, तसंच.

आणि सगळीकडे झेंडू. तो मूळचा मेक्सिकोकडचाच. समुद्र ओलांडून आला आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात असा बसला, की तो पाहुणा होता हे आता कुणाला सांगूनही पटायचं नाही.

(दृश्य : मारियाची वादक, टाकोच्या गाडीपुढे रांग.)

त्याआधी, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या लोकांचा, वारसा महिना. मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरचा, मेक्सिकोचा १६ चा, म्हणून ही सुरुवात. १९६८ मध्ये अमेरिकी सरकारनं आठवडा ठरवला, १९८८ मध्ये त्याचा महिना झाला.

महिना साजरा करणं विद्यापीठांना जड जात नाही. वादक बोलवायचे, दोन भाषणं ठेवायची. हात आखडतो तो प्राध्यापकांच्या जागा आणि पैसे द्यायची वेळ आली की.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं, १९६८.)

मार्च १९६८. पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. शाळेत स्पॅनिश बोललं तर शिक्षा व्हायची, आणि पाठ्यपुस्तकात त्यांच्या माणसांचा पत्ताच नव्हता. मुलांच्या पाठीशी उभे राहिलेले शिक्षक साल कास्त्रो यांना अटक झाली. त्याच वर्षी कॅल स्टेट लॉस एंजेलिस या विद्यापीठात चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, अभ्यासाचा विभाग निघाला. पुढच्या वर्षी सांता बार्बरामध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून असे विभाग कसे उभारायचे याचा आराखडाच लिहून काढला.

(दृश्य : यूसीएलए, प्रशासनाची इमारत मर्फी हॉल.)

यूसीएलएमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शाखेत, १९६९ पासून चिकानो अभ्यासाचं संशोधन केंद्र होतं, पण स्वतंत्र विभाग नव्हता. मागणी वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली. २८ एप्रिल १९९३ रोजी चान्सलर चार्ल्स यंग यांनी सांगून टाकलं, विभाग होणार नाही. शेतमजुरांचे नेते सेसार चावेस पाचच दिवसांपूर्वी वारले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची अंत्ययात्रा होती. इतका वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

मे महिन्यात निदर्शनं झाली, धरपकड झाली. मग प्रशासनाच्या इमारतीबाहेर तंबू पडले आणि काही विद्यार्थी उपोषणाला बसले. त्यांच्यासोबत वैद्यकीय शाखेचे प्राध्यापक होर्हे मान्सियासही बसले. हे हत्यार या चळवळीच्या ओळखीचं होतं. १९६८ मध्ये चावेस यांनी गांधीजींचा आदर्श समोर ठेवून २५ दिवस अन्न सोडलं होतं. तंबूंभोवती गर्दी वाढत गेली. ज्यांच्या घरातलं कुणी कधी या आवारात शिकलं नव्हतं, अशी माणसंही पाठिंब्याला आली.

चौदाव्या दिवशी, ७ जूनला, तडजोड झाली. विभाग तेव्हाही मिळालाच नाही. मिळालं ते चावेस यांच्या नावाचं अध्यापन केंद्र. आधी केंद्र, मग विभाग. त्यासाठी २००५ उजाडलं.

(दृश्य : राझा, म्हणजे ‘आपल्या माणसांचं’, पदवीदान. रंगीत पट्ट्यांचे शेले, फुलांचे गुच्छ.)

जूनमध्ये विद्यापीठाच्या मुख्य सोहळ्याखेरीज विद्यार्थ्यांचा हा आपला वेगळा पदवीदान सोहळा असतो. काळ्या झग्यावर सारापेच्या, म्हणजे रंगीत मेक्सिकन चादरीच्या, पट्ट्यांचा शेला. भाषणं इंग्रजीत सुरू होतात आणि मध्येच स्पॅनिशमध्ये शिरतात, कारण समोर आजी बसलेली असते. आमच्या मते वारसा महिन्यातल्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा ही एक दुपार जास्त सांगून जाते.

(दृश्य : विभागाची पाटी.)

१९८० च्या दशकात एल साल्वादोर आणि ग्वाटेमालामधल्या यादवीतून जीव वाचवून असंख्य कुटुंबं लॉस एंजेलिसला आली. त्यांची मुलं विद्यापीठात पोचली. पाटीवर मेक्सिकन वंशाचे चिकानो होते. या मुलांचं काय? २०१९ मध्ये विभागाच्या नावात मध्य अमेरिकाही आली. या वेळी कुणाला उपाशी बसावं लागलं नाही.