पेटी वाटेत आहे

श्रोतेहो, नमस्कार. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं असेल ना? आमच्याकडे लागलंय, आणि एकादशी-चतुर्थीच्या आधी मी त्यावर सिनेमेच लिहून काढलेत. तेव्हा पेन घ्या हाताशी.

परवा, गुरुवारी, 1 जानेवारी 2026 ला हेमंत ढोमे यांचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येतोय. बंद पडायला आलेली मराठी शाळा, तिचे माजी विद्यार्थी आणि मुख्याध्यापक सचिन खेडेकर. परवाच, बरं का! मराठी सिनेमा पहिल्या तीन दिवसांतच बघून घ्यावा. दुसऱ्या आठवड्यात त्याचा खेळ सकाळी साडेनऊवर जातो, आणि तेव्हा घरोघरी कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात. असो.

दुसरी तारीख मोठ्या अक्षरांत लिहा: 1 मे, शुक्रवार, महाराष्ट्र दिन. 'राजा शिवाजी'. दिग्दर्शक रितेश देशमुख, महाराजांच्या भूमिकेतही तेच. संगीत अजय-अतुल, कॅमेरा संतोष सिवन. गंमत म्हणजे हॉलिवूडच्या नव्या 'अ‍ॅव्हेंजर्स'ची तारीखही आधी 1 मेच होती, तो सरकला थेट 18 डिसेंबरला. पुन्हा सांगते, 1 मे महाराजांचा.

तारखा अशा सरकतात. सरकू देत. मला वाट बघायची सवय आहे, आणि ती कुठे लागली ते ऐका.

मी सातवीत होते. आमच्या तालुक्याच्या गावात एकच टॉकीज, आणि प्रिंट दोन गावांत मिळून एक. शेजारच्या गावी खेळ आठला, आमच्याकडे साडेनऊला. तिकडे रिळं दाखवून झाली की पत्र्याच्या पेटीत घालून एक पोरगा ती राजदूतवरून आमच्याकडे आणायचा. पेटी वेळेवर आली तर कुणाला पत्ताही लागत नसे. त्या रात्री पहिली पेटी आली, आणि दुसरीच्या वेळी राजदूत पंक्चर!

मध्यंतराचे दिवे लागले ते लागलेच. लोक भजी खाऊन आले, चहा पिऊन आले. मागच्या बाकड्यावरचे एक काका घरी जाऊन म्हशीला पेंड घालून आले. शिट्ट्या वाढल्या तशी ऑपरेटरने काचपट्टीवर शाईने लिहून पडद्यावर टाकलं, 'पेटी वाटेत आहे.' काचपट्टी मशीनमध्ये उलटी घालतात, त्यामुळे ओली शाई पडद्यावर खाली ओघळायच्या ऐवजी वर चढायला लागली. आम्हा पोरांना सिनेमापेक्षा त्याचीच मजा. दहा मिनिटांनी पुन्हा काच बदलली. 'पेटी वाटेत आहे.'

शेवटी बायकांच्या बाजूने माझी आत्या उठली. "थांबा, पुढचं मी सांगते." तिने तो सिनेमा पाहिलेला नव्हता, पण त्याने तिचं काही अडलं नाही. ताटातूट झालेल्या भावांची तिने पंढरपूरच्या एसटी स्टँडवर गाठ घालून दिली. नायिकेच्या बापाला दोन वाक्यांत नरम केलं. खलनायकापाशी मात्र ती थबकली. "मारू नका रे त्याला. घरी म्हातारी आई आहे. किराणा दुकान काढून द्या, येईल वळणावर." झालं! दुकानाला भांडवल कुणी द्यायचं, यावर टॉकीजभर वाद पेटला. ऑपरेटरसुद्धा खाली येऊन दाराशी उभा.

पाऊण वाजता पेटी आली. शेवटच्या रिळात नायकाने खलनायकाला गोळी घातली. आवाज विरतोय तोच पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "आत्याबाई, दुकान बंद पडलं!"

पेटीवरून पुढच्या तारखेवर येते. 17 जुलैला क्रिस्टोफर नोलन यांचा 'द ओडिसी'. होमरचं महाकाव्य, मॅट डेमन, आणि अख्खा सिनेमा आयमॅक्सच्या फिल्मवर चित्रित. म्हणजे रिळं अजून आहेत! त्याच्या 70 मिलिमीटर प्रिंटच्या काही खेळांची तिकिटं अमेरिकेत वर्षभर आधी, जुलै 2025 मध्येच विकायला काढली. आम्ही दोन तासांत शिट्ट्या मारल्या होत्या.

पाडव्याला, 19 मार्चला, 'धुरंधर'चा दुसरा भाग आणि यशचा 'टॉक्सिक' एकाच दिवशी जाहीर झालेत. कोण मागे हटतो बघू. ट्रेलर मात्र बघू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. हल्ली अडीच मिनिटांत मिठापासून विड्यापर्यंत सगळं पान वाढून मोकळे होतात.

आणि दिवाळीला नितेश तिवारी यांचं 'रामायण'. रणबीर कपूर राम, साई पल्लवी सीता, रावण पुन्हा यश. संगीताला ए. आर. रहमान यांच्या जोडीला हान्स झिमर. एवढा लवाजमा! आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 साली 'लंकादहन' काढला, तेव्हा राम आणि सीता दोन्ही एकटे अण्णा साळुंके झाले होते.

तर परवा 1 जानेवारी, मग 19 मार्च, 1 मे, 17 जुलै आणि दिवाळी. 1 मे मी पेनाने लिहिलाय, बाकीच्या तारखा पेन्सिलीने.

'रामायण'चा दुसरा भाग 2027 च्या दिवाळीला आहे. आत्या आता ऐंशीची आहे, तिला म्हटलं, "आत्या, यंदा मध्यंतर वर्षभराचं."

ती म्हणाली, "बरं झालं. रावणाचं काय करायचं ते सावकाश ठरवते."