जीमॅटच्या मॉकमध्ये 30 गुण पडले? आधी हे ऐका

नमस्कार! थेट मुद्द्यावर येतो. मागच्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, 625 होते, या वेळी 595 आले, आणि तुम्ही डोक्याला हात लावून बसलात. असंच ना?

जीमॅट म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा. तिचा एकूण स्कोअर 205 ते 805 या पट्टीवर असतो आणि दहा-दहानं वर सरकतो. या स्कोअरमध्ये 30-40 गुणांचं मागंपुढं धरूनच चालायचं असतं. तयारी तीच, माणूस तोच, तरी एवढं हलतं. म्हणून तीन-चार मॉक एकत्र बघा. एकट्या मॉकला काही विचारू नका.

[स्क्रीनवर क्वांटचे दोन रिझल्ट शेजारी-शेजारी]

हे बघा. क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या सेक्शनमध्ये, 21 प्रश्न असतात. समजा, दोघांचेही सहा-सहा चुकले, तरी स्कोअर वेगळे येऊ शकतात. कारण परीक्षा अ‍ॅडॅप्टिव्ह आहे. उत्तरं बरोबर येत गेली की प्रश्न अवघड होत जातात, चुकली की सोपे. मग नुसते 'किती चुकले' मोजून काय कळणार? कुठल्या पातळीचे चुकले ते बघा. याच्या सहापैकी पाच अवघड आहेत. त्याचे चार सोपे चुकलेत, आणि ते महागात पडतात. 'पेपर भयंकर अवघड होता' म्हणत उठलेल्याचा स्कोअर चांगला निघतो, तो यामुळेच.

वेळेचा रकाना तर बहुतेक जण उघडतच नाहीत! सेक्शनला 45 मिनिटं. एका प्रश्नावर पाच मिनिटं घालवली की शेवटचे दोन-तीन कोरे राहतात, आणि कोऱ्या प्रश्नांचा फटका वेगळा बसतो. अंदाजानं का होईना, उत्तर द्या. सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. ती सवयही मॉकमध्येच लावा.

तोच मॉक पुन्हा दिलात, मध्ये पॉज केलात, तर आलेला स्कोअर फुगलेला समजा. तो वहीत लिहूच नका.

आणि '700 तरी हवेतच' असं कुणी सीनियर म्हणाले, तर त्यांनी परीक्षा कधी दिली ते विचारा. सध्याची जीमॅट नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली. जुन्या पट्टीवरचे 700 म्हणजे पर्सेंटाइलनं आताचे साधारण 645.