काडतूस निवडताना

टेबलावर शिकारी रायफलची दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी आहेत. उंच आहे ते .३०-०६, बुटकं ते .३०८. पहिल्याची पितळी पुंगळी ६३ मिलिमीटरची, दुसऱ्याची ५१. गोळीची जाडी मात्र दोन्हींत सारखीच, ७.८ मिलिमीटर.

नावातला बिंदूनंतरचा आकडा म्हणजे इंचातली जाडी, पण नावातल्या आकड्यांवर फार विसंबू नका. ०६ म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्याने हे काडतूस स्वीकारलं ते साल. .२७० नावाच्या काडतुसाची गोळी मोजायला घ्या, ती भरते .२७७ इंच!

आधी सावज ठरवायचं, मग काडतूस. लहान हरणाला .२४३ मधली १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी पुरते. एल्कसारख्या थोराड हरणाला त्याच्या दीडपटीहून जड गोळी लागते. पण वजनाइतकीच महत्त्वाची आहे गोळीची घडण. मऊ टोकाची गोळी अंगात शिरल्यावर अळंबीसारखी फुलते. सैन्याची पूर्ण कवचाची गोळी न फुलता आरपार जाऊ शकते, आणि जखमी जनावर झाडीत दूरवर पळतं. इंग्लंडमध्ये रायफलने हरीण मारायचं तर फुलणारीच गोळी लागते, तसा कायदा आहे.

मोठं काडतूस घेतलं की काम फत्ते, असं मानणारे आफ्रिकेतले हत्तीशिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांचं नाव ऐकून गप्प होतात. या माणसाने हजारावर हत्ती मारले, त्यातले कितीतरी ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने. (आज तो आकडा ऐकवत नाही, ते वेगळं.) हत्तीची कवटी कापून त्यांनी मेंदूची जागा नीट पाहून ठेवली होती. तेवढा अभ्यास नसेल, तर त्यांचा दाखला देऊ नये.

आता बार होताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचं बघू. हा नेमबाज .३०० मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची रायफल, घेऊन बसलाय. रायफल भरतोय त्याचा जोडीदार, कधी खरं काडतूस घालून, कधी दारू नसलेलं. आत काय आहे, ते नेमबाजाला माहीत नाही. नळीच्या टोकाकडे लक्ष ठेवा. त्याने चाप ओढला. टक्. बार झालाच नाही, तरी नळी दोन बोटं खाली गेली आणि डोळे मिटले. खांद्याने धक्का आधीच गृहीत धरला होता.

दुसरी रायफल, .३०८ ची. तोच माणूस, तीच बैठक. चार खरे बार झाले, आणि पाचव्याला पुन्हा टक्.

नळी जागची हलली नाही.