ट्रॉलीतलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. आणि आमच्या मंडळीतल्यांना सलाम.

आजचा प्रश्न एका ओळीचा. पाण्याच्या बाप्तिस्म्याशिवाय तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, होतं का? नीट ऐका हं, बाप्तिस्मा घ्यावा का, असं मी विचारत नाही. घ्यावा, प्रभूची आज्ञाच आहे. मी विचारतोय, राहून गेला तर काय?

खानापूरकडच्या एका काकांचा राहून गेला. कौलांच्या कारखान्यात भट्टीवर जन्म गेलेला माणूस. (खानापूरची कौलं काढून लोक आता स्लॅब टाकतात आणि मे महिन्यात घरात भाजून निघतात, त्याला काय म्हणावं!) तर हे काका बारा वर्षं दर रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर. बाप्तिस्म्याचं विचारलं की, "यंदा नको, पोरीचं लग्न होऊ दे." मग पोराचं. मग भावकीतल्या वाटण्या. शेवटी एका एप्रिलात ताप येऊन उठले आणि पाळकांना म्हणाले, "आता घेतो बघा."

पाळक पडले बुडवून बाप्तिस्मा देणारे. शिंपडणं त्यांना चालत नाही. आणि मलप्रभा तर मे महिन्यात कशी असते तुम्हाला ठाऊक आहे. उगमाजवळचा आमचा भाग, पावसाळ्यात धडकी भरवणारी नदी, उन्हाळ्यात गुडघाभर डबकी. पोरांनी डोकं लढवलं. ट्रॅक्टरची ट्रॉली आणली, आत ताडपत्री अंथरली, आणि शनिवारी संध्याकाळी टँकर बोलावून काठोकाठ भरली. काका स्वतः हात घालून पाणी बघून गेले. म्हणाले, "गार आहे की!"

पहाटे छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी यायच्या आत गेले.

सकाळी सात वाजता आम्ही गीतांची पुस्तकं आणि टॉवेल घेऊन पोचलो तर अंगणात ट्रॉली तशीच भरलेली, वर आंब्याची दोन पानं तरंगताहेत, आणि आत रडारड. थोरल्या पोरानं पाळकांचा हात धरला. "साहेब, आमचे बाबा गेले कुठं?" पाळक बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरणाऱ्या चोराला येशूनं सुखलोकाचं वचन दिलं. त्याला कुणी नदीवर नेलं होतं रे?"

शेजारच्या कॅथलिक मावशी मात्र चिडल्या होत्या. "रात्री कळ आली तेव्हा तांब्याभर पाणी कपाळावर घालायचं की हो! आमच्यात अडचणीला सुईणसुद्धा घालते." मावशींचं बरोबर होतं. त्यांच्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे जिवावर बेतलं असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, मग देणारा ख्रिस्ती नसला तरी चालतो. चर्च जे करतं तेच करायचा हेतू हवा, पाणी हवं, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं नाव हवं.

दुपारी माती देऊन परतलो तर बायका घागरी घेऊन ट्रॉलीपाशी रांगेत उभ्या. मे महिन्यात पाणी कोण सांडेल?

आता शास्त्र. बायबलात योहानाच्या तिसऱ्या अध्यायात पाणी आणि आत्मा यांपासून जन्मावं लागतं असं आहे, आणि ज्यांना बाप्तिस्मा अनिवार्य वाटतो ते तिथंच बोट ठेवतात. मार्काच्या सोळाव्या अध्यायात विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही आहेत, पण शिक्षा सांगताना फक्त विश्वास न ठेवणाऱ्याचं नाव आहे, पाणी न घेतलेल्याचं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, पाणी मागाहून आलं. पाणी मागाहून, हे लक्षात असू द्या. आणि कॅथलिक चर्च बाप्तिस्मा आवश्यक मानतं, तरी देव स्वतः बाप्तिस्म्यासारख्या आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, असंही तेच शिकवतं. घ्यायची मनापासून इच्छा होती आणि मरण आधी आलं, तर ती इच्छा बाप्तिस्म्याच्या जागी धरतात.

हे काही आजचं नाही. रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ३९२ साली वारला. मिलानचे बिशप अँब्रोज यांच्याकडून बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून त्यानं निरोप धाडला होता, आणि ते पोचायच्या आत गेला. तोही मे महिनाच! अँब्रोजनी अंत्यविधीच्या भाषणात सांगितलं की त्यानं मागितलं होतं, म्हणून त्याला मिळालं.

मला हे पटतं. पण टाळाटाळ करणाऱ्यांनी याचा आधार घेऊ नये हं. आपल्या बेळगावात जन्मलेल्या मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनाही घरचं, जातीचं सगळं तोडून १८५४ साली बाप्तिस्मा घ्यायचाच होता, आणि त्यांनी घेतला. हल्ली बाप्तिस्म्याला ड्रोन उडवतात, केक कापतात, पाळकांपेक्षा फोटोवाला जास्त बोलतो. जाऊ दे.

काकू अजून येतात चर्चला. त्याच शेवटच्या बाकावर बसतात. परवा पाळकांनी विचारलं, "काकू, तुम्ही कधी?"

काकू म्हणाल्या, "घेते की. पाऊस तरी पडू दे."